विहीणबाईंचं बाड

माझ्या विहीणबाईंकडे एक बाड आहे. चार बोटं जाडीची पांढरी फाईल आणि तिच्यातलं प्रत्येक पान पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यात त्यांच्या माहेरच्या सात पिढ्या आहेत. पहिला पुरुष आयर्लंडमधला विणकर. अमेरिका हा देश व्हायच्याही आधी तो बायको आणि दोन मुलांना घेऊन जहाजातून पेनसिल्व्हेनियात उतरला. त्याचा थोरला मुलगा शाळामास्तर झाला, मास्तरचा मुलगा डॉक्टर झाला, आणि तिथून पुढे डॉक्टर, वकील, एक न्यायाधीश, औषधांचं दुकान चालवणारी एक पणजी, अशी रांगच लागली. विहीणबाई स्वतः वकील होत्या. हे सगळं त्या इतक्या साधेपणानं सांगतात की ऐकणाऱ्याला बढाईचा आरोपही करता येत नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

मीही डॉक्टर आहे. चाळीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. नागपूरहून इथे अमेरिकेत आले तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कुणी डॉक्टर नव्हतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण विहीणबाईंकडे डॉक्टर पैशाला पासरी. त्यांच्यासमोर मी माझं शिक्षण सांगितलं की त्या कौतुकानं म्हणतात, "वा! म्हणजे तुमच्यापासून सुरुवात झाली!" त्यांना ते खरंच मोठं वाटतं. मला मात्र कुणीतरी पाठीवर थोपटून रांगेत शेवटी उभं केल्यासारखं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं, पण मध्ये नात होती. माझी एकुलती एक लेक, तिची एकुलती एक मुलगी. दहा वर्षांची. तिचं आडनाव त्यांचं, नाक त्यांचं, आणि नावसुद्धा त्यांचंच. विहीणबाईंच्या आईचं नाव तिला ठेवलेलं. बारशाला मी पेढे वाटले, हसले, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. विहीणबाईंनी नाव पटकावलं, हे माझ्या मनात पक्कं बसलं. मी गेल्यावर या पोरीत माझं म्हणून काय उरणार? मला मराठीत आजी म्हणण्यापलीकडे तिच्याकडे माझं काही नव्हतं.

या वसंतात तिला शाळेनं फॅमिली ट्री करायला सांगितलं. लेकीचं घर आमच्याच गावात, अ‍ॅशबर्नमध्ये, माझ्यापासून दहा मिनिटांवर. नात एका शनिवारी पांढरा पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. उजवी बाजू तिनं आधीच भरून टाकली होती. ग्रॅननं, म्हणजे विहीणबाईंनी, फोनवर सगळं सांगितलं म्हणे. बारीक अक्षरात चौकोनांवर चौकोन, वर विणकरापर्यंत. त्यात बायकांचीही नावं होती, लग्नाआधीच्या आडनावांसकट. डाव्या बाजूला माझं नाव, तिच्या आजोबांचं नाव, आमच्या दोघांचे आईवडील, आणि वर नुसता पांढरा पुठ्ठा.

"आजी, युअर साइड इज सो एम्प्टी," ती म्हणाली. तिला काही टोचायचं नव्हतं. मला टोचलं.

मी नागपूरला भावाला फोन लावला. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत त्याच्या कपाटात आहे, हे मला माहीत होतं. आमच्याकडेही बारा पिढ्यांची नोंद आहे, हे आता विहीणबाईंना दाखवायचंच, असं मी ठरवलं. त्यांच्या सात, आमच्या बारा! भावानं आमच्या शाखेच्या पानांचे फोटो पाठवले आणि मी चष्मा लावून फोनवर बोटांनी अक्षरं मोठी करत बसले. मूळपुरुष सापडला, पणजोबा सापडले, आजोबा, वडील. वडिलांच्या नावाखाली माझ्या दोन्ही भावांची नावं, शिक्षण, नोकरी, पत्ता. आणि शेवटी दोन शब्द: तीन मुली.

त्या तीनमध्ये मी एक. एम.डी. झालेली, अमेरिकेत विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेली मी आमच्या कुलवृत्तांतात एका आकड्यात बसले होते. माझ्या आजीच्या जागी नुसतं नाव होतं, आणि तेही सासरी बदललेलं. तिचं माहेरचं नाव काय, हे भावालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. विहीणबाईंच्या विणकराची बायको मात्र स्वतःच्या नावासकट माझ्या टेबलावर बसली होती. तिनं सूत कातलं यापलीकडे काही केल्याची नोंद नाही. त्या बाईचा मला हेवा वाटला. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईचा! माझ्या या स्वभावापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई पेनसिल्व्हेनियाहून लेकीकडे राहायला आल्या आणि नातीच्या पुठ्ठ्यासाठी बाड घेऊन आल्या. लेकजावई कामावर, नातीला सुटी, म्हणून तिघीजणी माझ्या घरी. त्या नातीला एकेक पान दाखवत होत्या. मी चहा करण्याच्या निमित्तानं आत-बाहेर करत होते, पण दोघी मागच्या अंगणात ट्यूलिप बघायला गेल्या तशी मी खुर्ची ओढली आणि बाड उघडलं.

आता खरं सांगायचं तर मी चूक शोधायलाच बसले होते. आयुष्यभर तेच काम केलंय. हजार निरोगी पेशींमध्ये एक वाकडी दिसली की माझा डोळा थांबतो. तो तिसऱ्या पिढीवर थांबला.

तिसऱ्या पिढीतला पुरुष म्हणजे घराण्यातला पहिला डॉक्टर, विहीणबाईंचा खापरपणजोबा. त्याचं नाव विणकर आजोबांचंच. त्याची दोन कागदपत्रं शेजारीशेजारी लावली होती. पहिला कागद जमीन विकल्याचा. त्यावर बायकोची सुरेख सही आणि नवऱ्याच्या नावापुढे नुसती फुली. दुसरं त्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेल्या औषधांच्या कृतींच्या वहीतलं पान, वळणदार, मोत्यासारख्या अक्षरात. ज्याला सही करता येत नाही तो माणूस दोन वर्षांत अशी वही कशी लिहील?

आणि मला ते एकदम कळलं, कारण आमच्या घरात हेच चालत आलंय. माझ्या थोरल्या भावाचं नाव आजोबांचं, आणि काकांच्या थोरल्या मुलाचंही तेच. एकाच गल्लीत एकाच नावाआडनावाचे दोघे. एकाचं लग्नाचं स्थळ दुसऱ्याकडे चहा पिऊन गेलं होतं. विणकराला दोन मुलं होती. दोघांनी आपापल्या थोरल्या मुलाला विणकर बापाचं नाव ठेवलं असणार. एक नातू डॉक्टर, एक शेतकरी. विहीणबाईंनी दोघांचा एक माणूस केला होता. आणि ज्या बाईपासून त्यांचा वंश पुढे चालला, तिची सही होती फुलीवाल्याच्या कागदावर. म्हणजे विहीणबाईंचा खापरपणजोबा डॉक्टर नव्हताच. अंगठाबहाद्दर होता!

मला इतका आनंद झाला की चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

दोघी आत आल्यावर मी थोडं थांबायला हवं होतं. निदान नातीला दुसऱ्या खोलीत पाठवून मग बोलायला हवं होतं. पण मला तिच्यासमोरच बोलायचं होतं. मी दोन्ही पानं पाकिटातून काढून टेबलावर ठेवली आणि गोड आवाजात म्हटलं, "मला एक शंका आहे." मग एकेक करून सगळं सांगितलं: फुली, वही, मधली दोन वर्षं, बायकोची सही, दोन नातू. तरुण डॉक्टरांना स्लाइड समजावून सांगताना लागायचा तोच माझा आवाज लागला होता.

विहीणबाई खाली बसल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. त्यांच्या मानेवर लाली चढली. मी वाट पाहत होते.

"मला वाटायचं तो आजारी असेल," त्या हळूच म्हणाल्या. "हात थरथरत असेल, म्हणून फुली मारली असेल. वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय." मग त्या हसल्या. "शेतकरी! माझ्या वडिलांना चक्कर आली असती. तुम्ही हे अर्ध्या तासात शोधलंत?" त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि त्या पानावर, स्वतःच्या हातानं, डॉक्टर या शब्दावर रेघ मारली. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. वकील बाई, थोडं तरी भांडायचं! मी त्यांचा डॉक्टर हिसकावून घेतला आणि त्यांनी माझे आभार मानले. माझा विजय जागच्या जागी आंबला.

नातीला मात्र यात गंमत वाटली. "बट व्हाय डू दे ऑल हॅव द सेम नेम?"

"कारण आमच्याकडे जुना नियम होता," विहीणबाई म्हणाल्या. आम्ही तिघी इंग्रजीतच बोलत होतो. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं. दुसरीला बापाच्या आईचं. आयर्लंडहून येताना लोकांनी हा नियम बरोबर आणला आणि माझ्या घरात तो अजून पाळतात. माझंही नाव माझ्या आईच्या आईचं. ती तेव्हा जिवंत होती. मला मांडीवर घेऊन ती मला स्वतःच्याच नावानं हाक मारायची."

नातीनं स्वतःच्या बोटांवर मोजलं. तिसऱ्या बोटावर थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "आय अ‍ॅम द फर्स्ट गर्ल. मग माझं नाव आजीचं का नाही?"

पेन्सिल खाली ठेवून विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही वावगं नव्हतं. त्यांना वाटत होतं, याचं उत्तर मला माहीत आहे.

"आम्ही विचारलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं मुलाला, की मुलगी झाली तर तिच्या आईच्या आईचं नाव. मी महिनाभर स्वयंपाक करताना तुमचं नाव मोठ्यानं म्हणून बघायचे. मला बाळाला चुकीची हाक मारायची नव्हती. मग तुमच्या मुलीनं सांगितलं की तुम्हाला ते नकोय. ती म्हणाली, कारण विचारू नका, आई दुखावेल."

मला तो फोन आठवला. लेकीला आठवा महिना होता. मी हॉस्पिटलमधून घरी गाडी चालवत होते. ती म्हणाली होती, "आई, मुलगी झाली तर तुझं नाव ठेवू?" आणि मी खेकसले होते, "मी मेले का अजून? जिवंत माणसाचं नाव कुणी ठेवतं का? असलं अभद्र बोलू नकोस." मी पुढच्या सिग्नलला तो विषय विसरूनही गेले. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, एवढंच मला ठाऊक होतं. लेकीनं ते आपल्या मनानं काढलंय असं मला वाटलं होतं. त्यामागे पेनसिल्व्हेनियातल्या एका स्वयंपाकघरात कुणी माझं नाव घोकत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि मग दहा वर्षं मी या बाईवर जळत राहिले, तिनं नाव पटकावलं म्हणून.

"यू सेड नो?" नातीनं विचारलं.

"हो."

"बट व्हाय?"

मी तिला समजावलं. आपल्याकडे आजीआजोबा देवाघरी गेले की त्यांचं नाव घरात पुन्हा आणतात, त्यांची आठवण म्हणून. जिवंत असताना ठेवलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई म्हणायची. बोलताना माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता. सूक्ष्मदर्शकावर घालवलेल्या चाळीस वर्षांत आयुष्य कशानं कमी होतं ते मी रोज पाहिलं होतं. नावानं कमी झालेलं एकही नव्हतं.

नातीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सो, तू गेल्यावर ते नाव कुणाला मिळणार?"

"तुझ्या मुलीला कदाचित. तुला आवडलं तर."

ती विचार करत पेन्सिलीचं टोक चावत बसली. "पण तिला हाक मारायला तू नसशील ना."

विहीणबाईंनी बाड मिटलं आणि चहाचं बघते म्हणून आत निघून गेल्या. मी नातीला म्हटलं, "नाही गं, मी नसेन."