बिनशिट्टीचं मैदान

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटीच्या फाट्यावर सात-आठ माणसं जमली होती, आणि त्यातलं एकही मला निरोप द्यायला आलेलं नव्हतं. ती मला घेऊन जाणाऱ्या माणसाला बघायला आली होती.

तो पिंपरीच्या एका इंजिनाच्या कारखान्यातला. आमच्या जवळच्या मूल गावी त्याची सासुरवाडी. दिवाळीला आला असताना आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत त्यानं माझी कबड्डी बघितली आणि कारखान्याच्या संघात चल म्हणाला. काम करायचं, खेळायचं आणि पगार घ्यायचा. हे ऐकून गाव खूश व्हायच्या ऐवजी सावध झालं. सुमनकाकीनं त्याला सासऱ्याचं नाव दोनदा सांगायला लावलं, दोन्ही वेळा तेच निघतं का बघायला. मग सगळ्यांदेखत मला म्हणाली, "खेळाचे पैसे कोन देते बापू? असंच सांगून पोट्टे वीटभट्टीवर नेतात."

बा जरा बाजूला उभा होता. त्याच्या हातावर अजून राख होती. मंडईच्या दिवशी मैदान आखायचं काम त्याचं. राइस मिलमधून कोंड्याची राख आणायचा आणि हातानं रेघा ओढायचा. गाडी दिसली तेव्हा एवढंच बोलला, "लागला तं लागला म्हन. मंग जगात कुठीबी जाय."

तुमच्यापैकी जे गाव सोडून भिलाईला, नागपूरला, पुण्याला गेलेत त्यांना हे वाक्य समजवायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. भात कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि कबड्डी, अंधार पडल्यावर नाटक. त्या कबड्डीला पंच नसायचा. शाळेत शिट्टी होती, पण ती गुरुजींच्या कवायतीची. मैदानावर ज्याला हात लागला तो स्वतःच "लागला" म्हणायचा आणि रेघेबाहेर जाऊन बसायचा. बसला की बसला. सगळा संघ बाद होईपर्यंत परत आत यायचं नाही. या प्रकाराला गामिनी म्हणतात हे मला पुण्यात कळलं. गावात आम्ही त्याला खेळ म्हणायचो.

पुण्यात चालायची ती संजीवनी. समोरचा एक बाद झाला की आपला बाहेर बसलेला एक जिवंत होऊन आत येतो. मला हा नियम पहिल्यापासून संशयास्पद वाटला. गेलेला माणूस इतक्या सहज परत कसा येतो?

संशय तिथे मलाही सोडत नव्हता. खोली बघायला गेलो की घरमालक आधी गाव विचारायचे. गडचिरोलीजवळ म्हटलं की "तिकडं जंगलात काय ते चालतं म्हणे" असं म्हणत चेहरा निरखायचे. मग आडनाव विचारायचे. मग खोली कालच गेलेली असायची. शेवटी कारखान्याच्या वसतिगृहातच राहिलो. माझ्या 'मले-तुले'ला पोरं हसायची, म्हणून बोलणं कमी केलं. खेळात बोलावं लागत नाही अशी माझी समजूत होती.

पहिल्याच मोठ्या सामन्यात ती खोटी ठरली. समोर एका बँकेचा संघ होता. त्यांच्या चढाईपटूचं बोट माझ्या कोपराला निसटतं लागलं. पंचाला दिसलं नाही, त्या चढाईपटूलाही कळलं नसावं. मी "लागला" म्हणालो आणि रेघेबाहेर जाऊन बसलो. सगळं मैदान माझ्याकडे बघत राहिलं. तो सामना आम्ही एका गुणानं हरलो.

प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फार गोडीनं विचारलं की बँकेच्या संघातल्या चंद्रपूरच्या मुलाबरोबर मी सकाळी चहा घेतला होता, तो कशाबद्दल? मी म्हणालो, गावाकडचा होता म्हणून. ते हसले. पुढचे कितीतरी सामने मी बाकावर काढले. मी येताना दिसलो की जेवणाच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. खरं बोलल्याबद्दल माणूस विकला गेल्याचा संशय येऊ शकतो, हे गावात कुणी शिकवलं नव्हतं.

पुन्हा संघात घेतलं त्या दिवशी सर म्हणाले, "शिट्टी वाजेपर्यंत तू आत आहेस. बाद कोण ते ठरवायला पंच पगार घेतो, तू नाही." त्यांना परदेशी खेळांची बरीच माहिती होती. विलायतेत रग्बीचे दोन पंथ आहेत, त्यांनी सांगितलं, आणि पैशासाठी एकातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला पहिल्या पंथाचे लोक परत दारात उभं करत नाहीत. "तसं तुझं आहे. तू आता इकडचा."

मी शिकलो. चांगला शिकलो. हात लागला तरी चेहरा हलू द्यायचा नाही, नजर पंचाकडे, शिट्टी नाही तर काही झालंच नाही. पुढच्या मोसमात मी संघाचा भरवशाचा गडी झालो. 'मले'चं 'मला' झालं. घरी पैसे जाऊ लागले, घरावर कौलं चढली, आणि सुमनकाकी म्हणू लागली की तिला आधीपासून वाटतच होतं.

तिसऱ्या वर्षी मंडईला गावी गेलो. अंगात कारखान्याचा निळा ट्रॅकसूट होता. नदीपलीकडच्या गावाचा संघ आला होता आणि अंतिम सामना त्यांच्याशीच होता. मला बघून त्यांनी हरकत घेतली. हा पगारी माणूस, हा इथी काऊन खेळते? काहीतरी डाव शिकून आला असंल. आमच्या गावातलेही दोघं-तिघं पलीकडच्यांचं खरं आहे असं म्हणू लागले.

तेव्हा दौलत पुढे आला. दौलत माझा लहानपणापासूनचा जोडीदार. मी डाव्या कोपऱ्यात, तो उजव्या. त्याची सोयरीक पलीकडच्या गावातच ठरत आली होती आणि होणारा सासरा समोर गर्दीत बसला होता. दौलत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वामन खोटा खेळला तं मी खोटा. माहा शब्द हाय." सासऱ्यानं मान हलवली. सामना सुरू झाला.

शेवटी आमच्याकडून मी एकटा उरलो. दौलतसकट बाकी सगळे रेघेबाहेर बसले होते. पलीकडच्यांचे दोघे शिल्लक. त्यांचा तुळशीराम दम भरत आला, वाकला, मी मागे सरलो, आणि त्याचा हात माझ्या पायाजवळून गेला. तो परत फिरला आणि म्हणाला, "लागला."

मी उभा राहिलो. चेहरा हलला नाही. नजर आपोआप मैदानाच्या कडेला गेली, जिथे पंच असतो. तिथे बा उभा होता, हातात राखेची बादली घेऊन.

गर्दी रेघेपर्यंत सरकली. सगळे माझ्या तोंडाकडे बघून राह्यले होते, कारण तो शब्द फक्त माझा होता. आणि मी शिट्टीची वाट बघत होतो, त्या मैदानावर, जिथे कधीच शिट्टी नव्हती.

दौलत बसल्या जागेवरून म्हणाला, "तो बोलला नाई, म्हंजे लागला नाई." मला वाचवायला बोलला. पुढच्या चढाईत मी त्यांचे दोघंही टिपले. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं नाही. पलीकडचे बक्षीसवाटप व्हायच्या आधीच होडीकडे निघाले.

घरी जेवताना बानं विचारलं, "लागला व्हता का?"

"कळलं नाही, बा," मी म्हणालो.

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "पयले कळत व्हतं तुले."

मी आजवर या प्रश्नाभोवती फिरतो आहे. हात लागला होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. लागला नव्हता, असंही नाही. माझ्याच कातडीवर माझा विश्वास उरलेला नाही. आपल्याला कुणी शिवलं हे कळण्याचं काम मी पंचाकडे सोपवलं होतं, आणि पंच पुण्यात राहिला होता.

दौलतची सोयरीक मोडली. मुलीच्या बापानं निरोप पाठवला की मैदानात दिलेला शब्द बघितला, आता दुसरा नको. पुढे दौलतचं लग्न देसाईगंजकडे झालं, संसार चांगला झाला, पण कबड्डीत तो पुन्हा उतरला नाही. आणि दुसऱ्या वर्षी मंडईच्या लोकांनी चंद्रपूरहून पंच आणला. गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी. गावात वीज कुणी आणली, रस्ता कुणी आणला यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. शिट्टी कुणामुळे आली यावर कुणाचंही दुमत नाही.

माझं घर आता चिंचवडला आहे. बायको साताऱ्याची. मुलं मला "बाबा, तुम्ही उगाच सगळ्यांवर संशय घेता" म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. कुणी गोड बोललं की मला अजून सरांचा चहाबद्दलचा प्रश्न आठवतो.

बा गेल्यावर मैदान दौलत आखतो. गेल्या मंडईला मी बायकोबरोबर कडेला उभा होतो. केस पिकलेला दौलत बादली घेऊन रेघ ओढत आला आणि माझ्या शेजारून जाताना त्याचा राखेचा हात माझ्या खांद्यावर पडला. मुद्दाम की सहज, मला ठरवता येईना. तो थांबला.

"लागला का गा?"

पंच समोरच होता, शिट्टी गळ्यात. या वेळी मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"लागला," म्हणालो.

"मंग बस."

तो टोमणा होता की आणखी काही, मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. मी रेघेबाहेर मातीत बसलो. गामिनीत बाद झालेला माणूस आत येत नाही, पण तो उठून जातही नाही. आपल्या लोकांच्या कडेला बसून राहतो, खेळ संपेपर्यंत. माझं गाव आता माझ्यासाठी तेवढं आहे, त्या रेघेबाहेरची जागा. बायकोनं खांद्यावरची राख झटकायला हात पुढे केला. मी म्हणालो, "राहू दे."