काट्याला शीग नसते

यंत्र खोटं बोलत नाही, असं कोणी म्हणालं की मला आमच्या खळ्यावरचा वजनकाटा आठवतो. तोही खोटं बोलला नव्हता.

शेर-मण जाऊन नुकते किलो आले होते. मी पोशीरच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर होतो, घरची भातशेती होती, आणि नव्याचं मला भारी वेड. कर्जतच्या बाजारातून मी स्प्रिंगचा टांगता काटा आणला. पहिले दोन दिवस घरात दिसेल ते त्याला लटकावून पाहिलं: पाण्याची कळशी, पाटा, शेजाऱ्यांची कोंबडी. कोंबडी सोडून सगळ्यांनी सहकार्य केलं.

पण काटा आणण्यामागे माझं एक तत्त्वही होतं. कापणी-झोडणीची मजुरी आमच्याकडे भातात देत आणि ती पायलीने मापत. पायली शिगोशीग भरायची, काठाच्या वर भाताची टेकडी उभी राहायला हवी, असा रिवाज. मापायचे वडील. त्यांची मर्जी असली की शीग उंच, मर्जी फिरली की बसकी. कोणाच्या कष्टाचं मोल मालकाच्या मर्जीवर का ठरावं? मला ते तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

मी घरच्या कणगीत साठवलेलं भात काढलं, पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि वजन केलं. एका पायलीला इतके किलो, असं फळ्यावर लिहूनच टाकलं. वडील म्हणाले, "काट्याला शीग कुठनं लावशील रं?"

"शीग नकोच. न्याय हवा," मी म्हणालो. तेव्हा अशी वाक्यं मला सहज सुचायची.

डोंगराकडच्या ठाकरवाडीतून एक बाई दरसाल आमच्याकडे कामाला यायची. माझ्या आईच्या वयाची, पण आम्ही सगळे तिला अगं-तुगं करायचो, मीही. त्या वर्षी खळ्यावर पहिलं वजन मी तिच्याच भाताचं केलं. मजुरीच्या पायल्यांचे फळ्यावरच्या आकड्याने किलो केले आणि तेवढं भात तिच्या फडक्यात ओतलं. तिने त्यातली एक मूठ उचलली आणि आमच्या राशीवर टाकली. मी ती मूठ परत तिच्या फडक्यात घातली. "हे काट्याचं भात आहे. कमी नाही, जास्त नाही. तुझं तू ने." तिने माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि गाठोडं बांधलं. आपण केवढं मोठं काम केलं, असं वाटून मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

माघात ती दारात आली. "मास्तर, दरसाली भात शिमग्यापतुर पुरतं. औंदा सक्रातीच्या आदीच सपलं. म्हैना झाला, रानातलं करांदं खणून, उकडून खातोय."

मला आधी रागच आला. काटा घेऊन मी तडक बाजारात गेलो, दुकानदाराच्या वजनांशी ताडून पाहिला. काटा बरोबर. घरी येऊन तिला तसं सांगितलं.

"काटा खरा हाय वं," ती म्हणाली. "पन तुमी कंचं भात जोखलं? कणगीतलं. आन मला दिलं कंचं? खळ्यावरचं. वलं."

मी मुलांना शिकवत होतो की उन्हाने ओल्या कपड्यातलं पाणी उडून जातं. भातही वाळतं, हलकं होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक नव्हतं असं नाही. फळ्यावर आकडा लिहिल्यावर ते आठवायचं राहून गेलं. शीग मी जाणूनबुजून काढली होती. वर पाणीही भाताच्या भावाने जोखून दिलं.

"मग महिनाभर गप्प का बसलीस?" मी विचारलं. तिच्या उत्तरावर मी आजवर विचार करतो आहे.

"तुमच्या बापाशी भांडता येतं. शीग ढासळली, पुन्ना भरा, असं म्हनता येतं. त्या सुईला काय म्हनायचं?"

वडिलांची मर्जी वाईट होती, पण ती सगळ्यांना दिसत होती. माझी चूक सुईच्या मागे लपली होती, माझ्यापासूनसुद्धा. चूक काट्याची नव्हती, म्हणून तो मी मोडीत काढला नाही; अजून वापरतो. फक्त, कोणी नवं यंत्र दाखवलं की मी विचारतो, यात घातलेला आकडा कोणी काढला आणि त्याच्याशी भांडायचं कुठे?

त्या दिवशी मला लाज वाटली. वडिलांची पायली काढली, कणगी उघडली आणि तिचं राहिलेलं भात शिगोशीग मापून दिलं. शेवटच्या पायलीनंतर तिने फडक्यातली एक मूठ उचलली आणि कणगीत टाकली. या वेळी मी हात आडवा घातला नाही. नुसतं विचारलं, हे कशाला?

"घेनाऱ्यानं कणगी रिती करून जाऊ नये, मास्तर. तुमालाबी वरीसभर पुरलं पायजे."

महिनाभर करांद्यांवर काढलेली बाई माझ्या कणगीची काळजी करत होती, आणि खळ्यावर तिची तीच मूठ मी परत केली होती.