काचमावशीने धुतलेला ट्रे

काचमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण प्रयोगशाळेत नवा शिरलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून तिला याच नावाने हाक मारायला लागतो आणि तीही ओ देते. तिचं काम एकच, काच धुणं. चंबू, नळ्या, पेले आणि बोटाच्या पेराएवढ्या चिमुकल्या बाटल्या. आधी साधं पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी, शेवटी यंत्रातून येणारं ते बेचव शुद्ध पाणी, आणि मग वाळवायच्या भट्टीत. तिने धुतलेल्या काचेवर डाग शोधून दाखवा, मिशा उतरवून देतो, असं तिचा नवरा चारचौघांत छातीठोक सांगायचा. हा गृहस्थ आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवत आला, प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलं नाही, पण बायकोच्या काचेबद्दल पैज लावायला कायम तयार.

त्या इमारतीत नेमकं काय चालतं, ते मात्र मावशीला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर तिने ते फारसं मनावरही घेतलं नव्हतं. काच चकचकीत झाली की आपण मोकळे. तिच्या डोक्याला भुंगा लागला तो घाईबाईमुळे.

घाईबाई म्हणजे तिथली संशोधक पोरगी. सदा घोड्यावर बसून आलेली. एका बाहीत हात घालता घालता दुसऱ्या हाताने दार ढकलणार, चहा अर्धा टाकून पळणार, आणि मग चष्मा कुठे गेला म्हणून सगळ्यांना कामाला लावणार. चष्मा डोक्यावर. पण पोरगी लाघवी. येता जाता मावशीच्या खांद्यावर हात टाकून "जेवलात का?" विचारायची, आणि उत्तर ऐकायला थांबायचीसुद्धा. एवढं एकच ती घाई न करता करायची.

एकदा चहाच्या वेळी मावशीने सहज विचारलं, "तू एवढी दोन वर्षं करतेस तरी काय गं?"

"माणसाच्या रक्तात शिपाई असतात ना मावशी, बाहेरचं कोणी शिरलं की पकडणारे? त्या शिपायांच्या अंगावर पकडायचा हात असतो. त्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. मी नुसता तो हात करते. शिपाई नाही, फक्त हात."

"अगं बाई! कुणाचा तोडून आणतेस?"

"कुणाचा नाही हो. तो कसा करायचा त्याची कृती पेशींना दिली की त्या करून देतात."

"कुणाच्या पेशी?"

"उंदरासारखा एक प्राणी असतो, त्याच्या."

"म्हणजे हात उंदराचा."

"नाही, हात माणसाचाच."

"कुठल्या माणसाचा?"

"कुठल्याच नाही!"

मावशीने कप खाली ठेवला. "हे बघ, हात माणसाचा, पण कुठल्याच माणसाचा नाही, आणि केलाय उंदराने. माझी फिरकी घेतेस होय गं?"

घाईबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशी मात्र दिवसभर भंजाळलेली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पगार माणसंच देतात ना? मग झालं तर." संपला विषय.

एक गोष्ट मात्र मावशीला पक्की समजली होती, कारण ती समजायला शाळा लागत नाही. हा हात बाटल्यांत भरून दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जायचा होता. तिथे एक नवं औषध होतं, ते या हाताला चिकटतं का ते बघायचं होतं. चिकटलं तर घाईबाईची पदवी पुरी आणि तिथेच नोकरी. नाहीतर महिनाअखेर तिची इथली मुदत संपणार आणि पोरगी गाशा गुंडाळून घरी जाणार. पुन्हा सगळं करायला तिच्यापाशी ना वेळ होता ना सामान.

बाटल्या पाठवायच्या दिवशी सकाळी मावशी आली, तर बेसिनपाशी दोन ट्रे होते. दोन्हींत तशाच चिमुकल्या बाटल्या आणि दोन्हींवर रबरी बुचं. त्यात नवल नव्हतं, रिकाम्या बाटल्यांत धूळ जायला नको म्हणून घाईबाई बुचं परत लावूनच धुवायला ठेवायची. मावशीने सवयीने एक बाटली उजेडात धरली. रिकामी. दुसऱ्या ट्रेमधली धरली. तीही रिकामी. हाताला आला तो ट्रे पुढे ओढला, बुचं काढली, सगळ्या बाटल्या धुतल्या आणि भट्टीत सरकवल्या. दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात खाली गॅसची टाकी घेऊन माणूस आला, म्हणून ती दार उघडायला गेली.

परत येते तर घाईबाई उरलेला ट्रे छातीशी धरून उभी. लहान मूल धरावं तसा.

"मावशी, तुमचे उपकार! रात्री यंत्रातून काढला आणि फोन आला म्हणून इथेच टेकवून गेले. आत्ता आठवलं तर तोंडचं पाणीच पळालं. बरं झालं धुतला नाहीत!"

"त्यात काय आहे धुण्यासारखं? रिकाम्या तर आहेत."

"रिकाम्या कुठल्या? यातच तर आहे सगळं. गोठवून सुकवलंय. इतकं थोडं असतं की काचेवर दिसतसुद्धा नाही." आणि पोरगी चिठ्ठ्या चिकटवायला पळालीसुद्धा.

 मावशी तिथेच स्टूल ओढून बसली. ट्रे दोन होते, हे घाईबाईला माहीतच नव्हतं. न धुतलेला एकच दिसला, तो तिने आपला म्हणून उचलला. पण सकाळी तर दोन्ही न धुतलेलेच होते! मग भरलेला कुठला? तिने उचलला तो, की मी धुतला तो? मावशीने भट्टी उघडून आतल्या बाटल्या पाहिल्या. लख्ख. आता त्या काय सांगणार? धुण्याआधी उजवीकडचा ओढला की डावीकडचा, तेही तिला आठवेना. डाव्या हाताने ओढला असावा. नाही, डाव्या हातात तर ब्रश होता. की ब्रश नंतर घेतला? जितका विचार करावा तितकं सगळं आणखी गढूळ होत गेलं.

दुपारी ती जेवायला घरी गेली. घर पलीकडच्याच गल्लीत. ताट पुढ्यात तसंच ठेवून नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे तिला दिसत नाही आणि तुलाही दिसत नाही," नवरा म्हणाला. "तिकडे पोचल्यावर आत काही नाही निघालं, तर म्हणतील वाटेत खराब झालं. तुझं नाव येतंय कुठे? सरळ कानांवर हात ठेव. या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार आहे तुला?"

"ते खरंच आहे."

"मग?"

"तिने छातीशी धरला होता हो तो ट्रे."

 नवरा भाजीत चमचा फिरवत राहिला. मग एकदम खेकसला, "मग जा की! इथे जेवत काय बसलीस? बाटल्या न्यायची गाडी निघून जाईल!"

मावशी धावतच परत गेली. दारात कुरिअरवाला घड्याळ बघत उभा होता. त्याच्या उघड्या खोक्यातून सुक्या बर्फाचा धूर बाहेर सांडत होता. घाईबाई बाटल्या कापसात गुंडाळत होती.

"थांब गं," मावशीला दम लागला होता. "सकाळी ट्रे दोन होते. एक मी धुतला. कुठला ते मला माहीत नाही."

 घाईबाई भट्टीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. "दुसरा ट्रे? दुसरा कुठून आला?" मग स्वतःच कपाळावर हात मारला. "गेल्या आठवड्यातल्या रिकाम्या! मीच ठेवल्या असणार. देवा, आता काय करू मी?"

"आत आहे की नाही ते बघता नाही का येत?"

"येतं. पण बघितलं की ती बाटली गेली. पाणी घातलं की पाठवता येत नाही."

"हे कसलं मेलं बघणं!" मावशी कळवळून म्हणाली. "बघायचं तर संपवायचं, आणि नाही संपवलं तर कळायचं नाही."

घाईबाईने ओठ चावला आणि एक बाटली उचलली. बूच काढून बाजूला टाकलं, बाटलीत दोन थेंब पाणी घातलं, हलवलं, आणि त्यातला एक थेंब एका नळीतल्या तपकिरी रंगाच्या पाण्यात सोडला. "आत हात असेल तर हे निळं होईल," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नसता.

तिघंही त्या नळीकडे बघत राहिले. कुरिअरवाला तर खोकं बंद करायचंही विसरला. पाणी तपकिरी ते तपकिरीच.

घाईबाई मटकन खाली बसली आणि तिने चेहरा हातांत लपवला.  मावशीने माफी मागावी, तर दोन वर्षांची माफी कशी मागतात? डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हात आपोआप कामाला लागले, कारण रडताना तिचे हात कधी रिकामे राहत नाहीत. टेबलावर पडलेलं बूच उचललं, बेसिनपाशी गेली, नळ सोडला.

"बूच!" घाईबाई किंचाळली. "मावशी, धुऊ नका!"

मावशी जागच्या जागी गोठली. बूच नळापासून बोटभर लांब.

घाईबाईने झडप घालून ते घेतलं. "सुकलेलं असतं ते हलकं असतं, उडून बुचाला चिकटतं. आधी यंत्रात फिरवून खाली बसवायचं असतं आणि मगच उघडायची बाटली. पहिल्या दिवशी शिकवतात हो हे! घाईत विसरले मी." तिने बूच परत लावलं आणि बाटली उलटी केली. आतलं पाणी बुचावर आलं. थोडा वेळ तिने ती तशीच धरली, आणि कुणी आठवण करून न देता, कामाच्या वेळी बहुधा पहिल्यांदाच, पुरती थांबली. मग नवी नळी घेतली आणि थेंब सोडला.

तपकिरी पाण्यात एक निळी रेघ खाली गेली. मग सगळी नळी निळी झाली.

कुरिअरवाल्याला काही कळलेलं नव्हतं, पण टाळी त्यानेच वाजवली. घाईबाईने मावशीला अशी मिठी मारली की बाजूचं स्टूल कलंडलं. उरलेल्या सगळ्या बाटल्या मोजून खोक्यात गेल्या, त्या उघडलेल्या बाटलीची चिठ्ठी तेवढी फाडून टाकली, आणि धूर सोडत खोकं जिना उतरून गेलं.

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता.

"म्हणजे तिने उचलला तोच ट्रे बरोबर होता," सगळं ऐकून तो म्हणाला.

"हो."

"तू तोंड उघडलं नसतंस तरी सगळं नीटच जात होतं."

"हो."

"उलट एक बाटली फुकट गेली."

"गेली."

"मग सांगून मिळवलंस काय?"

मावशीने बराच विचार केला. दिवसभर डोक्यात एवढा गुंता झाला होता की त्यात हे आणखी एक. "ते मलाही कळत नाही हो," ती म्हणाली. "पण ते खोकं गेलं तेव्हा आत काय आहे ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं."

नवऱ्याने मान हलवली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो उचलला, धुवायला निघाली, आणि खिडकीपाशी थांबून उजेडात धरला.

"रिकामा आहे गं तो, बघतेस काय?"

"तुम्हाला काय माहीत?" मावशी म्हणाली, आणि जरा वेळ तशीच बघत उभी राहिली.