एका गाठीचा गुर्दा

बुलढाण्याच्या कॉलेजात नवीन असताना, करडं मोठी होतात तशी त्यांच्या मूत्रपिंडातली रसायनं कशी बदलतात, हे मी तपासत असे. गुर्दे बाजारातल्या एका खाटकाकडून आणी. त्याचं नाव कधी विचारलं नाही. हात कोरडे पुसून तो गुर्दा पळसाच्या पानात बांधी आणि दोऱ्याला वयाप्रमाणे गाठी मारी. दोन महिन्यांच्या आतल्या करडाला एक, वर्षाच्या आतल्याला दोन, मोठ्या बकऱ्याला तीन.

एकदा एका गाठीच्या गुर्द्याचे आकडे बऱ्याच मोठ्या करडासारखे आले. खाटकानं फसवलं असं धरून मी ते वहीतून खोडले आणि जाब विचारायला गेलो.

तो सुरी पुसत होता. पुसणं थांबलं नाही.

"दीड महिन्याचंच होतं, मास्तर. पंधरा दिवसाचं असताना त्याची माय मेली. तवापासून दुधाबिगर, पाल्यावर वाढलं. तुमी मले वय इचारलं. माय हाय का, हे काई इचारलं नाई."

पुढच्या आठवड्यात एका गाठीच्या एका पुडीत त्यानं पाल्याची काडी खोचलेली होती.

मी खोडलेले आकडे परत लिहिले, शेजारी नवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, माय.