हळदीचा डाग आणि मामांचे डोळे

मातीच्या डागाची समजूत काढून त्याला कपड्यातून बाहेर आणणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. तरुणपणी तालमीत लोळलेले मामा आता गल्लीतल्या पैलवानांचे कपडे निव्वळ हौसेने धुतात. डाग आला की आधी त्याचे गाव विचारतात. उसातला काळा चिखल असो की आखाड्यातली तांबडी माती, आधी सुकू द्यायची, झटकायची, मग थंड पाण्यात ठेवायची. ‘ओल्या डागाला हात लावायचा न्हाय. रागात असतोय,’ हे त्यांचे म्हणणे. एकदा गारगोटीच्या लग्नात एकाच्या धोतरावर ओला चिखल दिसला, तर मामा भरल्या ताटावरून उठले आणि ‘पावणं, जरा चला’ म्हणत त्याला सुकायला उन्हात उभा करून आले. तो नवऱ्या मुलाचा बाप होता.

माझी अक्कल मात्र उतावळी. मामांच्या नातीने आखाड्यात कुस्ती मारली आणि आनंदाच्या भरात मला मिठी मारली. माझा पांढरा सदरा छातीभर तांबडा! घरी येऊन मी गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन त्याच्याशी दुसरी कुस्ती धरली. आखाड्याच्या मातीत हळद घालतात हे मला ठाऊक होते. साबण लागला की हळद लालभडक होते, हे नव्हते. सदरा पाहून बायकोने आधी मलाच तपासले.

‘जावईबापू, ओला चोळलासा व्हय?’ मामांनी कपाळाला हात लावला. ‘द्या हिकडं.’

दोन दिवसांनी त्यांनी घडी घातलेला सदरा माझ्यासमोर उलगडला. माती गेली होती, लालीही उतरली होती. पण खिशाखाली बशीएवढा पिवळा डाग ठळक बसला होता.

‘गेला न्हवं?’

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. मोतीबिंदूने दुधाळ झालेले. ऑपरेशनचे नाव काढले की मामा चहा मागायचे.

‘गेला की,’ मी म्हणालो.

‘कुठला गेलाय? आबा, ह्यो बघा केवढा हाय!’ नात कडाडली. ‘तुम्हाला दिसंना झालंय. कबूल करा की!’

मामांनी सदऱ्यावरून बोटे फिरवली. डाग बोटांना लागत नसतो. मग सदऱ्याची पुन्हा घडी घालत म्हणाले, ‘डाक्टरला इचार, कवा येऊ.’

पट्टी निघाली त्या सकाळी मी मुद्दाम तोच सदरा घालून गेलो. मामांनी डोळे मिचकावत आधी नातीला न्याहाळले. ‘पोरी, कान सुजलाय तुझा.’ मग नजर माझ्या खिशाखाली उतरली. ‘जावईबापू, खोटं बोललासा. काढा तो सदरा. हळदीला ऊनच पायजे.’

दवाखान्याच्या पायरीवर मी बनियनवर बसलो, शेजारी काळा चष्मा लावलेले मामा. कठड्यावर सदरा ऊन खात होता. दर थोड्या वेळाने ते चष्मा उचलून बघत आणि म्हणत, ‘फिका व्हाय लागलाय.’ मला तर तो होता तसाच दिसत होता. पण त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही.