उरलेलं आंब्याचं लाकूड

बायको गेली तेव्हा परसातला आंबा तोडला. आमच्याकडे सरणाला आंब्याचंच लाकूड लागतं, आणि ते झाड तिनेच लावलेलं. दोन ओंडके उरले. सरणाचं उरलेलं लाकूड कोणी चुलीत घालत नाही, घरातही आणत नाही. पावसाळाभर ते गोठ्यामागे कुजत पडले.

लेथवर लाकडी फळं, करंडे कातायचे हा माझा धंदा. रंग तिच्याकडे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मला मात्र नुसतं लाकूड आवडायचं. "रंगाशिवाय कोण इकत घेतलो?" म्हणायची आणि लाखेची कांडी उचलायची.

दिवाळीनंतर एक ओंडका फोडला. आत बुरशीने बारीक काळ्या रेषा ओढल्या होत्या, डोंगरावरून शेताचे बांध दिसतात तशा. त्याचा वाडगा करावा असं फार वाटलं. तिचं म्हणून हातात धरावं असं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. दागिने मुलीकडे गेले, साड्या वाटून झाल्या.

थोरली बहीण माझ्याकडेच असते. ती लेथजवळ येऊन म्हणाली, "तुका काय करूचा ता कर. पण त्या लाकडाचो तुकडो उंबऱ्याच्या आत येवचो नाय."

"घरात हाडूचंय नाय," मी म्हणालो.

कुजकं लाकूड भारी नाठाळ. नरम जागी हत्यार जरा दाबलं की लचकाच निघतो. पुन्हा पुन्हा धार लावायची, भेगांत पातळ गोंद मुरवायचा आणि दम धरायचा. दम धरणं माझ्या स्वभावात नाही, हे बायको सगळ्या गावाला सांगायची. काठाची एक खपली उडालीच. मी शिव्या घातल्या, कोणाला ते माहीत नाही. पण वाडगा टिकला.

लाख लावली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं खरं झालं, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं. तिने एकदा येऊन भांडावं, एवढंच वाटत होतं. म्हणेल तो रंग लावू दिला असता.

बहिणीला दिलेला शब्द मी पाळला. वाडगा बाहेर पडवीत, फळीवर असतो. हल्ली मीही पडवीतच झोपतो. बहिणीने कारण विचारलं नाही, फक्त मच्छरदाणी बांधून दिली.