जाळ्याची गाठ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. आता पोटात राहत नाही, एवढं खरं.

गोंदियाच्या बाजारात वह्या बांधायचं एक दुकान होतं. तिथं मी आणि तुका शेजारी-शेजारी बसायचो. वही शिवणं मला त्यानंच शिकवलं — कागद दुमडून, एकात एक घालून त्यांचे जुज कसे करायचे, दोऱ्याला मेण कसं चोळायचं, एका जुजातून दुसऱ्यात सुई कशी न्यायची. आणि दोरा संपला की जोड द्यायची त्याची ती चपटी गाठ! त्याचे मामा तलावात मासे धरायचे, जाळी घरीच विणायचे, गाठ त्यांची. बोटाला लागायचीसुद्धा नाही. दुकानात ती एकट्या तुकाला येते, असं मालक समजायचे. मला येते हे फक्त त्याला ठाऊक होतं.

दिवाळीच्या पूजेची वही मात्र आमच्याकडे एकाच दोऱ्यात शिवायची, मध्ये जोड नाही. एवढा लांब दोरा गुंततो, तुटतो. म्हणून ती वही तुकाकडेच जायची. त्या वर्षी मी मालकांकडे एक मागितली. त्यांनी तुकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "नोका देऊ, मालक. याचा हात कच्चा हाय अजून."

माझ्यादेखत! ज्याच्या फडक्यातली भाकर मी रोज खायचो — त्यानं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगू? हात कच्चाच होता. पण मला एवढंच दिसलं, की आपल्याच माणसानं दगा दिला.

थोड्याच दिवसांत कामठ्याहून निरोप आला, तुकाची आई फार आजारी आहे. बाजारातल्या एका शेठजींच्या पूजेची वही त्याच्या हातात होती, शेवटचे काही जुज उरले होते. मालक बाहेर गेलेले. त्यानं वही माझ्या मांडीवर ठेवली. "एवढी करून ठेव, भाऊ. हळू ओढजो, तुटत नाही." आणि धावतच गेला. कच्चा म्हणाला होता — आणि तरी माझ्याच हाती दिली.

दोरा तुटला नाही. नीट ऐका — तुटला नाही. मी कापला. भर दुपारी, शांतपणे. मग जोडला. साधी गाठ येत नव्हती का मला? येत होती. मी मुद्दाम त्याची मारली.

पूजेच्या आदल्या दिवशी, तुका कामावर परतला होता तेव्हा, शेठजी वही घेऊन परत आले. "लक्ष्मीजी के सामने जोड़वाला धागा रखूँ क्या?" मालकांनी पानं उलटली. "काऊन रे तुका? हे तं तुह्याच जाळ्याची गाठ हाय."

तुकानं गाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. दगा झालेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझा तसा कधी झालाच नव्हता, माझा नुसता मान दुखावला होता. मी खाली बघून मेण चोळत राहिलो.

माझं नाव घ्यायला त्याला काय लागलं असतं? म्हणाला, "हो मालक. माहीच हाय."

ऐन दिवाळीत, घरी आई अंथरुणावर असताना, त्याला दुकानातून काढलं. मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पुढच्या दिवाळीला पूजेची वही मी शिवली, त्याच्याच पाटावर बसून. दोरा कुठंही तुटला नाही.